सीमेवरच्या जवानाचे लहान आनंद



भूम म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी खवा आठवतो. भट्टी पेटते, कढईत दूध आटत राहते आणि त्याचा वास सगळ्या गल्लीला लागतो. आपल्याला त्याचे काही अप्रूप वाटत नाही, कारण ते रोजचेच. पण गाव सोडून फौजेत गेलेल्या पोराला विचारा. शेकडो कोसांवर, बर्फात उभे राहून पहारा करताना माणसाला हेच रोजचे आठवते. आज बोलायचे आहे ते या रोजच्या गोष्टींविषयीच.

शाळेत आपण लढायांच्या सनावळ्या शिकवतो, आणि त्या शिकवायलाच हव्यात. पण जवानाचे बहुतेक दिवस लढाईचे नसतात. तोच पहारा, तेच डोंगर, तीच चार-पाच तोंडे. गोळीला सामोरे जायला धैर्य लागते हे सर्वांना कळते. पण हे एकसारखे दिवस रेटायलाही धैर्य लागते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

सियाचीनचेच पाहा. 13 एप्रिल 1984 रोजी आपले सैन्य त्या हिमनदीवर चढले, तेव्हापासून तिथला पहारा थांबलेला नाही. अठरा-वीस हजार फूट उंचीवरच्या चौक्या, आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली चाळीस-पन्नास अंशांपर्यंत. पिण्याचे पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचे. गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट : इतक्या उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, म्हणून पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळते. साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तिथे कुकरची शिटी वाजली की केवढा आनंद होत असेल, याची कल्पना करा!

अशा जागी आनंद आयता मिळत नाही, तो रोज हाताने करावा लागतो. पहाऱ्यावरून उतरल्यावर हातात आलेला वाफाळता चहा. बुखारीभोवती बसून चार थट्टेच्या गोष्टी. घटकाभर पडलेले ऊन. गणपतीच्या दिवसांत मराठा पलटणी सीमेवरही गणपती बसवतात. आरती होते, ढोल वाजतो. सणाला बडाखाना होतो, म्हणजे अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. तिचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम खास फौजी भावांसाठी. आपण मागितलेले गाणे आपल्या नावासकट लागले, तर जवानाला किती बरे वाटत असेल!

पण यांतला निम्मा आनंद गावाच्या हातात आहे, आणि तो जातो पत्रातून. फौजी पत्त्यावर ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’ किंवा ‘99 ए.पी.ओ.’ असे लिहिलेले असते, गावाचे नाव नसते. पलटण कुठे आहे हे बाहेर कळू नये आणि ती हलली तरी टपाल चुकू नये, म्हणून ही सोय. आता मोबाईल आला, तोंडही दिसते, ही मोठीच गोष्ट झाली. तरी दूरच्या चौकीवर तो रोज लागेलच असे नाही. आणि बोलणे संपले की संपले. पत्र मात्र उशाखाली राहते, चारदा वाचता येते.

मग पत्रात लिहावे काय? ‘इकडे सर्व खुशाल’ एवढ्यावर थांबू नका. म्हैस व्याली, तिला रेडी झाली, हे लिहा. ज्वारी हुरड्याला आली, येळवसीला आंबील कुणी ढवळली, धाकटी आता जोडाक्षरे वाचते, हे लिहा. ही बातमी म्हणजे त्याच्या घरचे अंगण.

अडचणी दडवाव्यात असे माझे म्हणणे नाही. पण बांधाच्या भांडणाची नुसती धास्ती तिकडे पाठवू नका. सोबत इकडे काय उपाय केला तेही कळवा. जवान विशेष परिस्थितीत कामगिरीवर असेल आणि त्याला कोर्टात हजर राहता येत नसेल, तर दाव्याचे काम तहकूब ठेवण्याची तरतूद 1925 च्या कायद्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवला, सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारा. आईला एकटीला पाठवू नका. गावातला जाणता माणूस बरोबर द्या.

शिक्षक बंधू-भगिनींनो, पत्रलेखनाचा तास तुमच्याकडे असतोच. ‘काल्पनिक मित्रास पत्र’ लिहून घेण्याऐवजी, गावातला जो जवान बाहेर आहे त्याला मुलांकडून खरे पत्र लिहून घ्या. पत्ता त्याच्या घरून घ्या. तू कुठे आहेस, हे मात्र मुलांनी विचारू नये, एवढे समजावून सांगा. शाळेजवळच्या चिंचेला यंदा चिंचा किती लागल्या, एवढे लिहिले तरी पुरे.

जो आपल्यासाठी जागतो, त्याच्या दिवसात एवढी गोडी घालणे आपल्याला जड नाही. आजच एक पत्र लिहायला घ्या.