दमा, पंप आणि वेप



दम्याचा पंप आणि वेप, दोन्ही मुठीत मावतात व तोंडाला लावून ओढायचे असतात. मात्र दमा असलेला मुलगा पंप दप्तराच्या तळाशी लपवतो आणि वेप मित्रांना दाखवतो, ही आम्हाला आजची मोठी काळजी वाटते. "पंपाची सवय लागते," असे आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे त्याला ऐकवतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पंपातील औषधाचे व्यसन लागत नाही. वेपमधील निकोटीनचे लागते, आणि वाढत्या वयात लवकर लागते.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज. त्रास होत नसतानाही ती असू शकते. म्हणूनच जरा धूर किंवा धूळ लागली की नळ्या आवळतात, कफ दाटतो, छाती वाजू लागते. वेपची वाफ पाण्याची असते, असे विकणारा सांगतो. खरे तर प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायने आणि बहुधा निकोटीन तापवून झालेले ते बारीक थेंब असतात. आंब्याचा स्वाद पोटाला चालतो म्हणून फुप्फुसाला चालेल असे नाही. आधीच सुजलेल्या नळीवर हे थेंब रोज बसू लागले, तर खोकला आणि धाप वाढते.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, विकणे, साठवणे व तिची जाहिरात करणे यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. तरी माल चोरून मिळतोच. आणि चोरून मिळालेल्या वस्तूत काय भरले आहे, हे कोण तपासणार?

लपवालपवीचा खरा घात दवाखान्यात होतो. मूल वेपचे सांगत नाही, दमा आटोक्यात येत नाही आणि डॉक्टर औषध वाढवत राहतात. पालकांनो, डॉक्टरांशी मुलाला दहा मिनिटे एकट्याने बोलू द्या. आपण बाहेर बसा. घरी आरडाओरडा केलात तर पुढच्या वेळी तो धापही लपवील.

विद्यार्थी मित्रहो, पंप वरच्या खिशात ठेवा. सूज कमी करणारा पंप बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, आणि तो घेतल्यावर चूळ भरा. धापेमुळे एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर पंप घेत घेत लगेच इस्पितळ गाठा. तेथे कोणी विचारले तर वेपचेही सांगा.