पहिल्या दोन रांगा

गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांतून आलेल्या भगिनींनो, बंधूंनो,

कृष्णाकाठच्या सांगलीत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले ते याच गावात. स्मरणशक्तीवरचे अधिवेशन नाट्यपंढरीत भरावे, याचा आम्हाला अभिमान आहे.

स्मरणिकेसाठी बदाम, ब्राह्मी आणि शब्दकोडी यांवर भरपूर लेख आले. ते छापलेही. मला मात्र बोलायचे आहे कानांविषयी.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी अशी १४ कारणे मांडली, की ज्यांवर काही ना काही इलाज करता येतो. त्यांत एकटेपणा आहेच; पण त्याहून मोठा वाटा कमी ऐकू येण्याचा आहे. अर्धवट ऐकलेला शब्द जुळवण्यातच मेंदू दमतो, मग लक्षात काय ठेवणार? त्यात ‘काय म्हणालात?’ असे तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. माणूस नुसती मान डोलावतो आणि हळूहळू कट्ट्यावर येणेच सोडतो. घरचे म्हणतात, आबा हल्ली फार विसरतात. अहो, आबांनी ते मुळात ऐकलेलेच नसते!

एकटेपणाने विसर वाढतो, की विसर पडू लागल्यामुळे माणूस घरात बसतो, यावर दुपारी डॉक्टरमंडळी बोलतील. मला तरी दोन्ही खरे वाटते. आता कानांच्या इलाजाविषयी. श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत त्याचा सरसकट सर्वांना फायदा दिसला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण ३ वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली.

म्हणून पहिल्या दोन रांगा यंदा पुढाऱ्यांसाठी नाहीत, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहेत. काही मंडळी नाराज झाली, होऊ देत. मंडपाबाहेर कानांची मोफत तपासणी आहे. कपाटात मशीन ठेवून आलेल्यांनी घरी फोन करून मागवून घ्यावे.

जेवण १ वाजता. बुफे मुद्दामच ठेवला नाही, पंगत आहे. आपल्या संघाच्या माणसाशेजारी कुणी बसायचे नाही. शेजाऱ्याचे नाव-गाव विचारा. विसरलात तर ताक वाढताना पुन्हा विचारा.

आता अध्यक्ष महोदयांनी दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.