शांततेचे शास्त्र आणि आपले दप्तर
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



शांतता हा विद्यापीठात शिकविण्याचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. शांतता ही सदिच्छेची बाब. ती संतांनी सांगावी, पुढाऱ्यांनी सभेत उच्चारावी, प्राध्यापकांचे तेथे काय काम, असे म्हटले जाते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. दुष्काळाला आणि बेकारीलाही लोक एके काळी दैवाचा कोप समजत. त्यांची कारणे शोधता येतात आणि कारणे कळली की उपाय योजता येतात, हे अभ्यासानेच सिद्ध झाले. दंगलही आकाशातून कोसळत नाही. ती होण्याला कारणे असतात, तशीच ती न होण्यालाही असतात.

या शास्त्राच्या उभारणीत केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून संघर्ष-निराकरणाला वाहिलेले संशोधनपर नियतकालिक सुरू केले. १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांच्या पुढाकाराने नॉर्वेत ऑस्लो येथे शांतता-संशोधन संस्था निघाली. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाने १९७३ मध्ये शांतता-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग काढला. त्यासाठी क्वेकर पंथीयांनी निधी जमविला. याच गाल्टुंग यांनी १९५५ मध्ये आर्ने नेस यांच्यासमवेत गांधीजींच्या राजकीय नीतिविचारावर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे कच्चा माल आपला आणि कारखाना परक्यांचा! वसाहतकाळातील कापसाची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार आहे.

गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेला एक विचार आपल्याला सहज पटावा. सुऱ्याची आणि बंदुकीची हिंसा डोळ्यांना दिसते. परंतु औषध उपलब्ध असताना माणूस क्षयाने मरतो, तेव्हा तीही हिंसाच होय. ती समाजरचनेत मुरलेली असते. म्हणून केवळ मारामारी थांबणे ही अपुरी शांतता होय.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या साडेपंधरा वर्षांना शांतता म्हणावे काय? घर जळालेल्या मजुराने पोटासाठी पुन्हा त्याच गावच्या शेतावर खाली मान घालून जावयाचे, ही शांतता नव्हे, निमूटपणा होय. अपराध कबूल व्हावा, नुकसान भरून मिळावे आणि दोन्ही बाजूंनी बरोबरीच्या नात्याने एका पाणवठ्यावर यावे, तेव्हाच समेट झाला असे म्हणता येईल.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. यंत्रमागांचे हे शहर १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळले. पुढे १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्लावार समित्या उभ्या केल्या आणि दोन्ही धर्मांच्या सामान्य नागरिकांना नियमितपणे एकत्र बसविले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळच्या भिवंडीत मोठी दंगल झाली नाही. ही दैवकृपा नव्हती. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंगलग्रस्त व शांत अशा भारतीय शहरांच्या तीन जोड्या तपासल्या आहेत. शहरात केवळ शेजारपाजारचा स्नेह पुरत नाही. दोन्ही समाजांचे लोक ज्या व्यापारी मंडळांत, कामगार संघटनांत आणि पक्षांत एकत्र काम करतात, त्या संघटनाच अफवेला बांध घालतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ आपण नीट ध्यानात घ्यावा. ज्या युनियनमध्ये हिंदू आणि मुसलमान कामगार एकत्र वर्गणी भरतात, ती मजुरीसाठी लढते आणि शांततेचाही पाया घालते. ती युनियन मोडली की पहिले नुकसान पगाराचे होते. दुसरे नुकसान दंगलीच्या दिवशी कळते.

आपल्या विद्यापीठांत असा अभ्यास व्हावयाचा, तर २ ऑक्टोबरला व्याख्यान आणि ३० जानेवारीला प्रार्थना एवढ्याने भागणार नाही. विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये जी गावे पेटली त्यांच्याबरोबरच जी पेटली नाहीत तीही तपासावीत. तेथे जमीन कोणाकडे होती, मजुरी किती होती, त्या रात्री आडवे कोण उभे राहिले, याची नोंद करावी. अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून हे काम केले पाहिजे.

परंतु विद्यापीठाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. संशोधकाला साधने लागतात, आणि ती आपल्यापाशी आहेत. सभांची इतिवृत्ते, मदतफेरीचे हिशेब, जळितांच्या याद्या, गावकऱ्यांची पत्रे हे सारे कार्यालयांच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडले आहे. त्या काळी वस्त्यांवर पहारा देत रात्री जागविणारे पुष्कळ कार्यकर्ते आज सत्तरीच्या पुढे आहेत; कित्येक निघूनही गेले. त्यांच्याबरोबर समेटाची ती विद्याही चालली आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुका शाखेने येत्या वर्षभरात आपले जुने दप्तर बाहेर काढावे, वृद्ध साथींच्या आठवणी तारीखवार लिहून घ्याव्यात आणि दोहोंच्या प्रती जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्याव्यात. जेथे आपण कमी पडलो, तेही त्यात असावे. पुढच्या वेळी आग विझविण्यास जे धावतील, त्यांना मागच्या वेळी पाणी कोठून आणले होते, एवढे तरी ठाऊक असले पाहिजे.