गोकुळाचा वाटाड्या

हुबळी शहरातून पश्चिमेस विमानतळाकडे जाणारा गोकुळ रोड हा आज कारखान्यांचा, मोटारींचा आणि परिवहन महामंडळाच्या मोठ्या कचेरीचा रस्ता आहे. गोकुळ हे तिकडच्या एका खेड्याचे नाव. मराठी माणसाच्या कानी ते पडले, की गाईवासरे, दहीलोणी आणि यमुनेचा काठ त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. लांडगा मात्र कोणाच्या स्वप्नातही येत नाही. वस्तुतः गोकुळाला त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी वाट जर कोणी दाखविली असेल, तर ती लांडग्याने, असे एक जुना ग्रंथ सांगतो.

पाश्चात्त्य देशांत प्रत्येक मनुष्याचा एखादा मार्गदर्शक प्राणी असतो, असे मानणारा एक पंथ अलीकडे बराच फोफावला आहे. त्यांच्या यादीत लांडग्याचा मान फार वरचा. निष्ठा, अंतःस्फूर्ती, एकान्तप्रियता असे गुण त्याच्या पदरी बांधले जातात. हे सारे हल्लीचे हौसेचे खूळ असले, तरी त्याच्या मागे जुन्या कथा आहेत. रोम्युलस आणि रीमस या जुळ्या भावांना लांडगीने पाजले, म्हणून रोम नगरी उभी राहिली. तुर्कांच्या पुराणकथेत राखी लांडगा हा कुळाचा मूळपुरुष आणि वाटाड्या आहे. आपल्याकडे लांडग्याच्या वाट्याला काय आले? 'लांडगा आला रे आला' ही पोरांची गोष्ट, आणि दुबळ्यावर अनेकांनी तुटून पडण्याला दिलेला 'लांडगेतोड' हा शब्द!

एवढ्यावरून आपल्या परंपरेत लांडग्याला आध्यात्मिक अर्थच नाही, असे समजणे चुकीचे होईल. ऋग्वेदातील ऋषी पूषन् देवाची प्रार्थना करतो, ती वाटेवर दबा धरून बसलेल्या दुष्ट वृकाला दूर हाकलून दे, अशी. पण त्याच ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या सूक्तांत ऋज्राश्वाची कथा येते. या तरुणाने एका भुकेल्या वृकीला, म्हणजे लांडगीला, शंभर मेंढे कापून घातले. दुसऱ्या एका ऋचेत ही संख्या एकशे एक आहे. बापाने संतापून त्याला आंधळे केले. तेव्हा त्या आंधळ्यासाठी अश्विनीकुमारांचा धावा कोणी केला? त्या लांडगीनेच. आणि देवांनी त्याला डोळे दिले. बापाच्या दृष्टीने जी नासाडी होती, तिची फेड एका श्वापदाने कृतज्ञतेने केली. निरुक्तकार यास्काला तर वृक या शब्दात कोठे चंद्र दिसला, कोठे सूर्य, कोठे शेतकऱ्याचा नांगर. प्रतीके शोधण्याचा हा छंद काही आजकालचा नव्हे.

भीमाला वृकोदर म्हणतात. लांडग्याचे पोट असलेला, अर्थात अखंड भुकेला, एवढाच अर्थ आपण घेतो आणि हसतो. परंतु लांडग्याच्या पोटाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दूरवर शिकार केल्यावर तो पोटभर मांस गिळून परत बिळाशी येतो आणि पिलांनी तोंडाशी तोंड लावताच ते ओकून त्यांना भरवितो. त्याचे पोट ही कुटुंबाची शिदोरीची पिशवी असते. लाक्षागृहातून सुटल्यावर थकलेल्या आईला आणि भावांना उचलून रानोमाळ चालणारा भीम आठवला, म्हणजे हे नाव ठेवणाऱ्याने लांडगा जवळून पाहिला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता गोकुळाची कथा. ती भागवतात नाही. भागवतात पूतना, तृणावर्त यांसारखी अरिष्टे पाहून उपनंद नावाचा वडीलधारा गोप गोकुळ सोडण्याचा सल्ला देतो, आणि कीर्तनकारांनी घरोघर पोहोचविली ती हीच कथा. हरिवंशात मात्र प्रकार निराळा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली 1969 ते 1971 या काळात हरिवंशाची चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली, तीतही ही कथा आहे. कृष्ण तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. तो बलरामाला म्हणतो, की या रानात आता राम उरला नाही. गवत संपले, झाडे गोपांनी तोडून विकली, सावली गेली. जे पूर्वी दाट होते ते उघडे पडले. पलीकडे यमुनेकाठी वृंदावन आहे, गोवर्धन आहे, तिकडे गेले पाहिजे. पण बसल्या जागेची सवय झालेल्या गोपांना हे सांगून पटणार कसे? मग कृष्ण चिंतन करतो आणि त्याच्या अंगावरील रोमांतून शेकडो लांडगे निघतात. ते वासरे पळवितात, माणसांवर धावून जातात. रानात जाणे, नदीवर जाणे बंद होते. अखेर वृद्ध गोप एकत्र जमून ठरवितात, की येथून निघावे. गाडे जुंपले जातात, आणि उजाड झालेले गोकुळ वृंदावनाची वाट धरते.

ही कथा वाचताना मन थोडे चरकते. देवाने आपल्याच माणसांवर श्वापदे सोडावीत, हे भाविकाला रुचणारे नाही. भागवताच्या छायेत ती मागे पडली, त्याचे कारण कदाचित हेच असेल. परंतु तिच्यातील लांडगा हा देवाच्या शरीरापासूनच निर्माण झालेला आहे, कोणा कंसाने पाठविलेला नव्हे. तो मित्र म्हणून बोट धरीत नाही. ज्या भूमीचे सत्त्व माणसाने खाऊन संपविले, तेथून त्याला उठविण्याचे कठोर काम तो करतो. हिरव्या कुरणाकडे नेणारा वाटाड्या दात दाखवीत येतो, ही कल्पना रोमच्या लांडगीहून आणि आजच्या हौशी पंथाच्या गोंडस लांडग्याहून अधिक खोल आहे. गुराढोरांवर जगणाऱ्या समाजालाच ती सुचू शकते.

हुबळीच्या पूर्वेस गदग, कोप्पळ आणि आग्नेयेस राणेबेन्नूर, इकडे सोलापूर, नगर, पुण्याचा दुष्काळी भाग, हा सारा मेंढपाळांचा मुलूख. पावसाळा सरला की धनगर आणि कुरुब कळप घेऊन निघतात, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवितात आणि रात्री जाळ्याच्या वाघरात त्या कोंडतात. त्यांच्यामागून लांडगाही चालतो. त्याचे आणि मेंढपाळाचे नाते सरळ वैराचे नाही. कोकरू गेले की शिवी देणारा मेंढपाळच, 'त्याचा वाटा त्याने नेला' म्हणून हिशेब मिटविताना आढळतो. अर्थात हे चित्र गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. बिळात धूर करून पिले मारण्याचे प्रकारही याच रानात होत आले आहेत. शिवाय 2024 साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले बळी पडली. त्यांच्या आईबापांपुढे प्रतीकांची भाषा बोलण्याचा धीर कोणास होईल?

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. मेंढपाळांच्या देवाने लांडग्याला दारात घेतले नाही, पण त्याच्या भाऊबंदाला घेतले. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो. राणेबेन्नूरजवळच्या देवरगुड्ड येथे आणि मैलार येथे मैलारलिंगाचे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे मानून भुंकतात, वाडग्यातील अन्न खातात. जेजुरीचा वाघ्या त्यांच्याच जातकुळीचा. दत्तात्रेयांपाशी चार श्वान वेदरूपाने उभे आहेत, आणि धर्मराजाच्या शेवटच्या वाटचालीत सर्व गळून पडल्यावर सोबत उरतो तो कुत्राच. हा कुत्रा मुळात लांडग्याच्या वंशातला. वाघराच्या आतला तो पूज्य ठरला, बाहेरचा राहिला तो चोर. दोघांत अंतर आहे ते एका जाळ्याचे!

त्या जाळ्याबाहेरचे रान मात्र झपाट्याने आटत आहे. भारतीय लांडग्याचे कुल जगातील अतिप्राचीन लांडग्यांपैकी आहे, हे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानेही दाखविले. देशात त्यांची संख्या दोन ते तीन हजारांच्या घरात असावी, म्हणजे वाघांहूनही फारशी वेगळी नाही. पण वाघाला अरण्य आहे. लांडगा राहतो तो गवताळ माळावर, ओढ्याच्या काठी, खुरट्या काटवनात; आणि या भूमीला सरकारी दप्तरात नाव मिळाले आहे 'पडीक'. पडीक म्हटले की तिच्यावर कारखाना उभा राहतो, कालवा येतो, नाहीतर कोणी परोपकारी निलगिरी लावतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याच्या माळाला मात्र कोणी स्थान दिले नाही. हरिवंशातील गोपांना उठून जावयास वृंदावन तरी होते. आज गवत संपले, की मेंढपाळही अडकतो आणि लांडगाही.

कर्नाटकाने याबाबत थोडे केले आहे, ते नोंदविले पाहिजे. मेलुकोटे येथील देवळाच्या परिसरातील रान 1974 साली अभयारण्य झाले, ते प्रामुख्याने लांडग्यासाठी. हुबळीपासून काही तासांच्या अंतरावर, कोप्पळ जिल्ह्यातील गंगावती तालुक्यात बंकापूर येथे सुमारे 332 हेक्टरांचे खडकाळ माळरान अलीकडे लांडग्यांसाठी राखून ठेवण्यात आले. 2025 साली तेथे एका मादीने आठ पिले घातल्याची वार्ता आली. लांडग्याची मादी आपली पिले अशाच खडकांच्या कपारीत लपविते, आणि नर रात्रभर हिंडून पोटात शिदोरी घेऊन पहाटे परततो. त्या टेकड्यांच्या आसपास मेंढ्यांचे कळपही चरतात, आणि संध्याकाळी मेंढपाळ कोकरे मोजूनच वाघराचे तोंड बंद करतो.