लेकराचा शब्द आधी



मंडळाच्या वाढदिवशी, हळदीकुंकवाच्या घाईत मी हा विषय काढते, हे काहींना रुचणार नाही. परंतु माजघरातही जे आपण बोलत नाही, ते निदान मंडळात तरी बोलावे. लहान मुलांवर होणारा लैंगिक अत्याचार, हा तो विषय.

‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस,’ असे आपण मुलांना बजावतो. पण २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी असा त्रास सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही तितकेच होते. आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते.

म्हणून मुलांना सर्व अवयवांची नावे न लाजता शिकवावी. नको असता ‘काकांना पापा दे’ म्हणून पुढे ढकलू नये. ‘आईला सांगू नकोस’ असे जो म्हणेल, त्याचेच आधी आईला सांगायचे, हे खेळता खेळता मनावर ठसवावे.

मी बालवाडी चालवते. मूल अशी गोष्ट सरळ सांगत नाही. ‘मला त्यांच्याकडे जायचे नाही’ एवढेच म्हणते. तेव्हा रागे भरू नये, खोदखोदून विचारू नये. जवळ घेऊन म्हणावे, ‘सांगितलेस हे चांगले केलेस. तुझी काही चूक नाही.’ प्रसंग ताजा असेल तर कपडे न धुता डॉक्टरांकडे न्यावे.

१०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचा जबाब घरीही घेता येतो. तो शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि पोलिसी गणवेशात नव्हे. मुलाचे नाव छापण्यास मनाई आहे. बालकल्याण समिती खटल्यात सोबतीला मदतनीस देऊ शकते. आणि कळूनही पोलिसांना न कळवणे, हा गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, घराण्याची अब्रू जाईल. बायांनो, अब्रू जाते ती अपराध करणाऱ्याची, लेकराची नव्हे. आपण झाकतो तेव्हा तोच माणूस दुसऱ्या घरी मोकळा वावरतो.

माझी विनंती एवढीच: १०९८ हा आकडा मंडळाच्या फळ्यावर कायमचा लिहावा, आणि आपल्यातली कोणी असे दुःख घेऊन आली तर तिला एकटीला चौकीवर जाऊ देऊ नये. दोघींनी तरी सोबत जावे.