हेडफोनचा आवाज, आई-बाबांचा टीव्ही आणि डिमेन्शिया

इअरफोन लावून ऐकताय ना? मग आजचा भाग तुमच्यासाठी आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या आई-बाबांसाठी.

विषय आहे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. शब्द ऐकला की डोळ्यांसमोर ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा येतात. आपला काय संबंध? सांगतो. डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचायला लागतं, आणि तेही लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. म्हणजे सत्तरीत जे दिसतं, त्याची सुरुवात पन्नाशीत होऊन गेलेली असू शकते. आता हिशोब करा. आपण पंचविशी-तिशीत. आपले आई-बाबा? बरोबर, पन्नाशी-साठीत.

२०२४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने एक अहवाल दिला. त्यात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काहीतरी करता येतं अशा १४ गोष्टी आहेत. बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, सिगारेट, अति दारू, व्यायाम नसणं, एकटेपणा, डिप्रेशन, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण, कमी दिसणं आणि कमी ऐकू येणं. समितीचं म्हणणं असं की, या सगळ्यांवर काम झालं तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हा आकडा अख्ख्या लोकसंख्येचा आहे. 'मी सिगारेट सोडली, माझा धोका इतका कमी झाला' असं गणित त्यातून निघत नाही. जीन्स आणि वय आपल्या हातात नाहीत. सगळं नीट करणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, त्यात त्याचा दोष नसतो.

तर या १४ मध्ये वाटा सगळ्यात मोठा कुणाचा? दोघांचा. एलडीएल कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं, प्रत्येकी सुमारे ७ टक्के. कोलेस्टेरॉलचं आपण ऐकून असतो, रिपोर्टमध्ये लाल अक्षरात येतं. पण कान? कानाची टेस्ट कोण करतं?

कान आणि मेंदूचा संबंध नेमका कसा, यावर अजून अभ्यास चालू आहे. पण कारणं साधारण अशी मांडली जातात. आवाज अस्पष्ट आला की तो समजून घ्यायलाच मेंदूची ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला कमी उरते. मेंदूला मिळणारं खाद्यही कमी होतं. आणि तिसरं आपल्याला घरात दिसतं. टीव्हीचा आवाज वाढतो. 'काय म्हणालास?' वाढतं. मग लग्नकार्यात माणूस कोपऱ्यातली खुर्ची धरतो, फोनवर दोन वाक्यांत 'बरं, ठेवतो' म्हणतो. आपल्याला वाटतं, बाबा हल्ली शांत झालेत. ते शांत झालेले नसतात, त्यांना ऐकू येत नसतं.

मग मशीन लावलं की झालं? इतकं सोपं नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या जवळपास हजार लोकांवर 'अचीव्ह' नावाची चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून बघितला तर फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे खात्री नाही, पण आशेला जागा आहे. आणि समजा मेंदूला काहीच फायदा झाला नाही, तरी नातवाचं बोलणं तर ऐकू येईल! चष्मा लागला की आपण म्हातारे झालो म्हणत नाही. मग कानाच्या मशीनचीच लाज का?

आता आपले कान. इअरफोनमुळे डिमेन्शिया होतो असं सिद्ध झालेलं नाही, उगाच घाबरू नका. पण मोठ्या आवाजाने कान खराब होतात हे नक्की, आणि आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. डेसिबलचं स्केल फसवं असतं. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला फक्त १०. दिवसभर हेडसेटवर कॉल, मग लोकलमध्ये गोंगाटावर मात करायला फुल व्हॉल्यूम... कोटा कधीच संपतो.

तर या आठवड्यात दोन कामं. एक, फोनचा व्हॉल्यूम ६० टक्क्यांच्या खाली. दोन, आई-बाबांना ईएनटी डॉक्टरकडे न्या, ऑडिओमेट्री करून घ्या. सुई नाही, दुखत नाही. हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. कधी कधी नुसता मळ साचलेला निघतो. त्याच फेरीत बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या.

'आम्हाला काही झालेलं नाही' हे उत्तर येणारच. वाद घालू नका. 'माझीपण करायचीय, सोबत चला' म्हणा. आणि खरंच स्वतःचीही करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर आवाज जरा कमी!