प्याले पानी, वॉटर टू ड्रिंक



जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं, आणि संमेलन तोंडावर आलेलं असताना ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्या वादात आज शिरायचं नाही. मला त्या बातमीची फक्त वाक्यरचना हवी आहे.

ती बातमी मराठीत अशी सांगता येते : ‘उद्घाटन करण्याचं निमंत्रण मागे घेण्याचा निर्णय’. तीच इंग्रजीत सांगायची तर ‘द डिसिजन टू विथड्रॉ द इन्व्हिटेशन टू इनॉगरेट’. आता कान देऊन ऐका. मराठीत ‘निर्णय’ सगळ्यात शेवटी येतो. इंग्रजीत ‘डिसिजन’ सगळ्यात आधी. मराठीत ‘उद्घाटन’ पहिलं, इंग्रजीत ‘इनॉगरेट’ शेवटचं. मधलं निमंत्रण दोन्हीकडे मधेच. आपली यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगतो : इंग्रजीत नाम हे पुढचं इंजिन असतं आणि ‘टू’वाली क्रियापदं डब्यांसारखी मागे लागतात. मराठीत डबे पुढे जातात आणि इंजिन मागून ढकलत येतं. गाडी तीच असते.

एवढं कळलं, की नामामागे येणारा हा ‘टू’ परका राहत नाही. आणि वऱ्हाडी बोलणाऱ्याला तर तो अजिबातच परका वाटू नये. पुस्तकी मराठीत ‘प्यायला पाणी’, ‘जेवायला वेळ’, ‘बसायला जागा’ म्हणतात. आपण म्हणतो ‘प्याले पानी’, ‘जेवाले टाइम’, ‘बसाले जागा’. हा शेवटचा ‘ले’ म्हणजेच इंग्रजीचा ‘टू’. ‘वॉटर टू ड्रिंक’, ‘टाइम टू ईट’. पोरगं शाळेत ‘मले जेवाले टाइम नाही’ म्हणालं, की त्याला आधी वऱ्हाडीवरून टोकतात आणि मग इंग्रजीचा नियम फळ्यावर लिहून देतात. हे उफराटं आहे. नियम त्याच्या तोंडातच होता.

‘बसाले जागा’ मात्र मी मुद्दाम मागे ठेवली. ‘अ प्लेस टू सिट’ एवढं चालतं, पण जागेऐवजी खुर्ची आली की इंग्रजी एक जास्तीची गोष्ट मागते. ‘बसाले खुर्ची’ म्हणायचं तर ‘अ चेअर टू सिट’ एवढ्यावर भागत नाही. ‘अ चेअर टू सिट ऑन’ म्हणावं लागतं. ‘राहाले घर’ म्हणजे ‘अ हाउस टू लिव्ह इन’. ‘लिहाले पेन’ म्हणजे ‘अ पेन टू राइट विथ’. ‘बोलाले माणूस’ म्हणजे ‘समवन टू टॉक टू’, त्यात तर दोन ‘टू’. कारण सरळ आहे. पाणी आपण पितो, पण खुर्ची आपण बसत नाही, खुर्चीवर बसतो. घर आपण राहत नाही, घरात राहतो. ते ‘वर’ आणि ‘त’ मराठीत गिळले जातात, कुणाचं काही अडत नाही. इंग्रजी ते गिळत नाही, वाक्याच्या टोकाला लटकवून ठेवते. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलंही इथे हमखास अडखळतात. उपाय एकच : मनात पूर्ण वाक्य करायचं. ‘मी घरात राहतो’ यात ‘त’ ऐकू आला, तर इंग्रजीत ‘इन’ सोडायचं नाही.

आता दुसरं रूप घेऊ, ते जरा अवघड आहे. ‘जाण्याची संधी’, ‘शिकण्याची इच्छा’, ‘सिगारेट ओढण्याची सवय’, ‘पडण्याची भीती’. मराठीत चारही सारखेच दिसतात. इंग्रजीत पहिल्या दोघांना ‘टू’ लागतो : ‘चान्स टू गो’, ‘डिझायर टू लर्न’. पुढच्या दोघांना मुळीच चालत नाही. ‘हॅबिट टू स्मोक’ असं इंग्रज म्हणत नाही. तो ‘हॅबिट ऑफ स्मोकिंग’ म्हणतो, ‘फिअर ऑफ फॉलिंग’ म्हणतो. आपल्या ‘ण्याची’मुळे हा घोळ होतो, कारण ती सगळ्यांना एकाच दावणीला बांधते.

मग ओळखायचं कसं? ‘ण्याची’ काढून तिथे ‘ले’ घालून पाहा. ‘जाले चान्स भेटला’ म्हणता येतं. ‘सिगरेट ओढाले सवय’ कुणी म्हणत नाही, कानालाच खटकतं. जिथे ‘ले’ बसला तिथे बहुतेक वेळा ‘टू’ बसतो. बहुतेक वेळा म्हणतो, कारण ‘चालाले त्रास’ आपण म्हणतो आणि इंग्रजीत ‘ट्रबल वॉकिंग’ होतं. अडचण आणि त्रास हे दोन शब्द या बाबतीत खोडकर आहेत. उलट बाजूनंही एक फट आहे. ‘जाले निर्णय’ आपण म्हणत नाही, तरी इंग्रजीत ‘डिसिजन टू गो’च आहे.

त्या फटीसाठी अर्थाकडे पाहावं लागतं. निर्णय, बेत, प्रयत्न, वचन, नकार, परवानगी या सगळ्यांत कुणाची तरी मर्जी आहे आणि काम अजून पुढे आहे. तिथे ‘टू’ येतो : ‘प्लॅन टू’, ‘अटेम्प्ट टू’, ‘प्रॉमिस टू’, ‘परमिशन टू’. सवय जडून गेलेली असते, अनुभव घेऊन झालेला असतो, भीती नुसती वाटत असते. तिथे ‘ऑफ’कडे वळायचं. आता रेडिओवरचाच दाखला घ्या. हवामानाच्या बातम्यांत ‘चान्स ऑफ रेन’ असतं, कारण पावसाला कुणी संधी दिलेली नसते, ती शक्यता असते. तोच ‘चान्स’ संधी या अर्थानं आला, की लगेच ‘चान्स टू स्पीक’ होतो. शब्द एक, मागचा डबा वेगळा.

आणखी एक खूण आहे. क्रियापदाला ‘टू’ लागत असेल तर त्याच्यापासून झालेल्या नामालाही बहुधा लागतो. ‘डिसाइड टू’वरून ‘डिसिजन टू’, ‘रिफ्यूज टू’वरून ‘रिफ्यूजल टू’, ‘एबल टू’ या विशेषणावरून ‘अबिलिटी टू’. ‘प्रेफर टू’ मात्र दगा देतो, त्याचं नाम ‘प्रेफरन्स फॉर’ होतं.

याच घराण्यातला एक शब्द आपल्या जिल्ह्यात फार जणांच्या दारात आलेला आहे. कर्जाच्या इंग्रजी नोटिशीत ‘फेल्युअर टू रीपे’ असं असतं. शाळेत ‘फेल’ म्हणजे नापास हे शिकलेला मुलगा बापाला ते वाचून दाखवतो, आणि बापाला वाटतं बँकेनं आपल्याला नालायक ठरवलं. तसं काही त्यात नाही. ‘फेल्युअर’मागे ‘टू’ आला की अर्थ नुसता ‘न करणं’ एवढाच उरतो. ‘फेल्युअर टू रीपे’ म्हणजे परतफेड न होणं. ती का झाली नाही, बोंडअळीनं की पावसानं, याबद्दल ते तीन शब्द काहीच बोलत नाहीत. त्याच नोटिशीत ‘लायेबल टू पे’ असेल तर तिथे खरं लक्ष द्यायचं, कारण ते देणं लागण्याबद्दल आहे.

आणि इंजिनामागे डब्यांची लांबच लांब रांग पाहायची असेल तर राज्यघटनेचं १९ वं कलम इंग्रजीतून उघडा. ‘राइट’ हा शब्द सुरुवातीला एकदाच येतो आणि त्याच्या जिवावर एकामागून एक ‘टू’ येत जातात : शांततेनं एकत्र जमण्याचा, संघटना करण्याचा, देशभर फिरण्याचा, कुठेही राहण्याचा, व्यवसाय करण्याचा. मालमत्तेबद्दलचा एक डबा १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं सोडवला, तेव्हापासून सहा उरले. यातला पहिला मी वर घेतला नाही, तो निराळा आहे. भाषणस्वातंत्र्याच्या त्या कलमात ‘टू’नंतर ‘फ्रीडम’ येतं, आणि ते नाम आहे. २००५ च्या ‘राइट टू इन्फर्मेशन’ कायद्याचंही तसंच. म्हणजे ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदच असेल असं धरून चालू नका. त्याच्या पुढचा शब्द पाहून ठरवा.

आता चुकांकडे वळतो, तिथे जास्त रेंगाळणार नाही. ‘शिकण्यासाठी वेळ’ यातल्या ‘साठी’ला भुलून आपली मुलं ‘टाइम फॉर लर्न’ लिहितात. ‘टाइम टू लर्न’ पाहिजे. ‘फॉर’ येतो तो माणसाला घेऊन : ‘तुझी जाण्याची वेळ झाली’ याचं ‘इट्स टाइम फॉर यू टू गो’. आणि ‘टू’नंतर क्रियापद कोरंच राहतं. निर्णय काल घेतला म्हणून ‘डिसिजन टू वेंट’ होत नाही.

ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुलं आहेत किंवा अभ्यासिकेत बसणारं कुणी आहे, त्यांना एक विनंती. आज घरात आलेला कुठलाही इंग्रजी कागद घ्या : विजेचं बिल, बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, परीक्षेचं प्रवेशपत्र. जिथे नामामागे ‘टू’ आहे ते शोधा आणि मुलाला ते आपल्या घरच्या बोलीत, ‘ले’ लावून, मोठ्यानं सांगायला लावा.